दोन तासांनंतरची सीट

'पुण्याहून निघालो की साताऱ्यापर्यंत मजेत असतो. कराड मागे पडलं की दर पाच मिनिटांनी बूड सरकवावं लागतं. सीटमध्ये आणखी दोन इंच फोम टाकून घेऊ का?' लांब पल्ल्याच्या मोटारसायकलस्वारांच्या कुठल्याही टोळक्यात हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो : जेल टाक, हवेची गादी घे, अमक्या पेठेतल्या तमक्याकडून सीट करून घे, बॅकरेस्ट लाव. 'दुखतं नेमकं कुठे?' असं मात्र क्वचितच कुणी विचारतं. आपण तिथूनच सुरुवात करू.

१. दुखतं कुठे, दोष कुणाचा

दुखण्याची जागा कळली की निम्मं काम झालं. बुडाखाली डावीकडे-उजवीकडे दोन ठरावीक ठिकाणी ठणकत असेल, तर दोष फोमचा किंवा सीटच्या रुंदीचा. मांडीच्या खालच्या बाजूला काचत असेल, तर सीटची कड उंच किंवा टोकदार आहे. शरीर सारखं टाकीकडे घसरत असेल आणि जांघेत मुंग्या येत असतील, तर सीटला पुढे उतार आहे. माकडहाड दुखत असेल, तर पाय पुढे ताणून आणि पाठ गोल करून बसणं होतंय. क्रूझर गाड्यांवर हे नेहमीचंच. गुडघे आखडत असतील, तर फूटरेस्टच्या मानाने सीट खाली आहे. जुन्या गाडीचा फोम वर्षानुवर्षं दबत जातो, सीट बोटभर खाली जाते आणि आपण वयाला दोष देतो. मनगटं आणि मान यांचं दुखणं घेऊन मात्र सहसा सीटवाल्याकडे जाऊ नये. ते बहुतेक वेळा हँडलच्या उंचीचं आणि अंतराचं असतं.

काही दुखणी सीटची वाटतात, पण असतात शॉकअपची. रॉयल एनफिल्डच्या मिटिऑर ३५० सारख्या गाडीला मागच्या शॉकअपचा प्रीलोड सहा टप्प्यांत बदलता येतो. प्रीलोड म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. एकट्यासाठी लावलेला टप्पा तसाच ठेवून मागे माणूस बसवला आणि दोन्ही बाजूंना सॅडलबॅगा टांगल्या, की स्प्रिंग उभ्या गाडीतच बरीचशी दबते. मग खड्डा आला की शॉकअप तळाला टेकतो आणि दणका थेट मणक्यात जातो. असा दणका कुठलाही फोम खाऊ शकत नाही. उलटही होतं. एकट्याने जाताना प्रीलोड सगळ्यात कडक टप्प्यावर राहिला, तर प्रत्येक गतिरोधक बुडाला कळतो. आकडीच्या पान्याने हे काम काही मिनिटांत होतं आणि फुकट होतं, म्हणून सीटवर पैसे टाकण्याआधी ते करून पाहावं.

२. दोन हाडांवर बसलेला माणूस

आपण सबंध बुडावर बसतो असं वाटतं. खरं तर कण्यातून उतरलेलं वजन कमरेच्या हाडाच्या अगदी तळाशी असलेल्या दोन गोल टोकांवर येतं. कडक बाकावर बसून हात बुडाखाली घातला तर ही दोन टोकं बोटांना सहज लागतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर बहुतेकांचं १० ते १४ सेंटीमीटरच्या आसपास असतं. बायकांचं सरासरीने थोडं जास्त.

आता थोडं गणित. स्वाराचं वजन ८० किलो धरू. पाय फूटरेस्टवर आणि हात हँडलवर थोडा भार घेतात, म्हणून सीटवर ६० किलो येतं असं मानू. सीट अरुंद असेल आणि शरीर ३०० चौरस सेंटीमीटरवरच टेकत असेल, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर २०० ग्रॅम भार पडतो. टेकण्याची जागा दुप्पट झाली, म्हणजे ६०० चौरस सेंटीमीटर, की तोच भार १०० ग्रॅमवर येतो. ही झाली सरासरी. हाडांच्या टोकांखाली तो याच्या कितीतरी पट असतो.

आपल्या कातडीखालच्या केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब फार थोडा असतो, पाऱ्याच्या भाषेत साधारण ३० मिलीमीटर. चौरस सेंटीमीटरला ४० ते ४५ ग्रॅम एवढाच भार झाला. म्हणजे उत्तम सीटवरही हाडांखालच्या भागाचा रक्तपुरवठा चेपला जाणारच. तिथे प्राणवायू कमी पडतो, आधी अस्वस्थ वाटतं, मग ठणका लागतो. बूड सरकवण्याची ती इच्छा म्हणजे शरीराचा अगदी शहाणा आग्रह आहे.

यावरून सीटची दोन कामं ठरतात. एक, भार जास्तीत जास्त जागेवर पसरवणं. दोन, स्वाराला मागे-पुढे हलायला मोकळीक ठेवणं. बाजारातल्या बऱ्याच महागड्या सीट पहिलं काम करण्याच्या नादात दुसरं विसरतात. शरीराच्या आकाराची खोलगट वाटी करतात आणि स्वार त्यात अडकून बसतो. दुकानात ती वाटी फार सुखाची वाटते. दोन तासांनी ती नकोशी होते.

३. घनता वेगळी, कडकपणा वेगळा

मोटारसायकलच्या सीटमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो. या रसायनाचा शोध जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. त्याआधी स्प्रिंगांवरच भिस्त होती, कारण जुन्या मोटारसायकलींना मागे शॉकअपच नसे. खोगिराखालच्या दोन जाड स्प्रिंगा तेच काम करायच्या.

फोमच्या दुकानात गेलात तर 'बत्तीस डेन्सिटी देऊ की चाळीस?' असं विचारतील. डेन्सिटी म्हणजे घनता, एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ती आपण घरीच तपासू शकतो. १० सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ठोकळा घ्या. चाळीस डेन्सिटीचा असेल तर तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४० ग्रॅम भरला पाहिजे. ३० बाय ३० सेंटीमीटरची ५ सेंटीमीटर जाड लादी १८० ग्रॅम भरली पाहिजे. दीडशेच भरली तर दुकानदाराला पुन्हा भेटावं.

पण डेन्सिटी जास्त म्हणजे फोम कडक, हा मात्र सार्वत्रिक गैरसमज आहे. ताजा लादीपाव आणि कालचा लादीपाव वजनाला जवळपास सारखेच भरतात, पण अंगठ्याने दाबून पाहिले तर एक चटकन बसतो आणि दुसरा बसत नाही. फोमचंही तेच आहे. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. घनता सांगते फोम किती वर्षं टिकेल, किती लवकर चपटा होईल. कडकपणा सांगतो तो तुमच्या वजनाखाली किती दबेल. सीटसाठी दोन्ही विचारायला हवेत, आणि आपण विचारतो एकच.

मऊ फोम धोका का देतो, हे आता लक्षात येईल. बसताक्षणी तो छान दबतो आणि शोरूममध्ये आपण खूश होतो. पण दोन हाडांखाली तो पार तळापर्यंत दबून जातो आणि हाडं सीटच्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या तळावर टेकतात. बाजूचा न दबलेला फोम वर उठून मांड्यांना आणि जांघेला रेटतो. वरून आणखी दोन इंच मऊ फोम टाकला तर हाच खेळ थोडा उशिरा सुरू होतो, एवढाच फरक. म्हणून लांब पल्ल्याच्या सीट बनवणारे लोक कडक फोम वापरतात. कॅलिफोर्नियातल्या कॉर्बिन कंपनीच्या सीट हाताला चक्क टणक लागतात आणि अंगवळणी पडायला हजार-दोन हजार किलोमीटर घेतात. तिथल्याच रसेल कंपनीची 'डे-लाँग' सीट बसण्याच्या जागी दोन्ही बाजूंना पसरट असते, भार मांड्यांवरही वाटला जावा म्हणून. दिसायला ती बेढब आहे. पण दिवसभर बसायचं असेल तर मी सुबक सीटपेक्षा तीच घेईन.

मेमरी फोमचं काय? तो १९६६ मध्ये अमेरिकेच्या नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी तयार केला. विमानाच्या आसनाने धक्का शोषावा, हा हेतू होता. तो हाडांभोवती हळूहळू आकार घेतो ही त्याची खुबी. पण तो तापमानाप्रमाणे वागतो. हिवाळ्यात पहाटे महाबळेश्वरचा घाट चढताना कडक, आणि मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर लिबलिबीत. शिवाय तो सावकाश सावरतो. लागोपाठ खड्डे आले की दुसऱ्या खड्ड्याला तो अजून दबलेलाच असतो. वरचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा थर म्हणून ठीक, सबंध सीट त्याची नको. जेल भार बरा पसरवतो, पण जड असतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर एकदा तापला की लवकर निवत नाही. चहा पिऊन परत आलेल्या माणसाला ते ताबडतोब कळतं.

हवेची गादी हा माझ्या मते सगळ्यांत कमी जोखमीचा उपाय आहे. तिच्यात एकमेकांशी जोडलेले छोटे कप्पे असतात, हवा एकातून दुसऱ्यात सरकते आणि दाब सारखा होत राहतो. व्हीलचेअरवर दिवस काढणाऱ्यांना जखमा होऊ नयेत म्हणून अशा गाद्या आधी निघाल्या, मोटारसायकलवर नंतर आल्या. लोक ती टम्म फुगवतात आणि मग तिच्यावर डुगडुगत बसतात. खरी पद्धत अशी : फुगवा, वर बसा आणि बूड सीटपासून जेमतेम बोटभर वर राहील इतकी हवा सोडा. आवडली नाही तर काढून ठेवता येते, मूळ सीटला धक्का लागत नाही.

४. उतार, रुंदी, उंची

उतार तपासायला फोनमधला पातळीमापक पुरतो. गाडी मेन स्टँडऐवजी दोन्ही चाकांवर सरळ उभी धरायला सांगा, तुम्ही नेहमीसारखे बसा, आणि तिसऱ्याला सीटच्या कडेशी फोन लावून पाहू द्या. ३० सेंटीमीटर लांबीत सीट ३ सेंटीमीटर उतरत असेल तर तो उतार सहा अंशांच्या जवळ जातो, आणि तेवढ्यात दिवसभर घसरत राहायला होतं. अशा वेळी बूड दुखतं म्हणून फोम बदलणं व्यर्थ आहे. सीटच्या पुढच्या भागाखाली जाड रबरी बुश बसवून, किंवा पुढचा फोम थोडा उचलून, हा उतार मोडता येतो. फक्त सीटचं कुलूप नीट बसतंय ना, ते पाहायचं.

उंचीच्या बाबतीत लोक एकाच आकड्यावर अडकतात. रॉयल एनफिल्डच्याच सुपर मिटिऑर ६५० ची सीट ७४० मिलीमीटरवर, मिटिऑर ३५० ची ७६५ वर, नव्या क्लासिक ३५० ची ८०५ वर, आणि हिमालयन ४५० ची ८२५ वर, जी ८४५ पर्यंत वर करता येते. पाय जमिनीला टेकतील का, हे मात्र या आकड्याइतकंच सीटच्या पुढच्या भागाच्या रुंदीवर ठरतं. तो भाग रुंद असला की मांड्या फाकतात आणि पायाची लांबी बाजूला खर्ची पडते. म्हणून बुटक्या स्वाराने सीट सरसकट कापून खाली आणण्याआधी पुढच्या दोन्ही कडा तासून घ्याव्यात. मागे, हाडांखाली, रुंदी राहू द्यावी. सीट खाली आणली तर पाय टेकतील, पण गुडघे जास्त मुडपतील. सिग्नलवरची दोन मिनिटं सुखाची करून रस्त्यावरचे सहा तास दुःखाचे करायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

५. सीटवाल्याकडे जाताना

मूळ सीट कापायला देऊ नका. जुन्या भागांच्या बाजारात त्याच मॉडेलची दुसरी सीट, निदान तिचा तळ, बहुतेक वेळा मिळतो. त्यावर प्रयोग करावा.

जाण्याआधी घरी एक काम करा. कडक बाकावर खोक्याचा जाड पुठ्ठा ठेवा, त्यावर बसा, टाचा उचला, किंचित पुढे वाका आणि दहा श्वास तसेच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजून कागदावर लिहा आणि तो कागद सीटवाल्याला द्या. सीटचा सपाट भाग त्या अंतरापेक्षा दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटीमीटर तरी जास्त हवा.

थर लावताना खाली कडक, वर जरा मऊ, हा क्रम. खालच्या थरासाठी बरेच कारागीर रंगीबेरंगी तुकड्यांचा दाबून बनवलेला रीबॉन्डेड फोम वापरतात. तो जड आणि टिकाऊ असतो, खालच्या थराला चालतो, पण तो थेट बुडाखाली नको. रेक्झिन शिवताना आडवी शिवण हाडांच्या खाली येऊ देऊ नका. नक्षीदार चौकड्या फोटोत छान दिसतात आणि तिथेच टोचतात. प्रत्येक टाका हे पाण्याचं भोकही आहे. आपल्याकडच्या पावसात ताम्हिणी घाटातून एकदा गेलं की फोम पाणी पितो आणि पुढचे चार दिवस बसल्या बसल्या पँट ओली होते. फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकचा कागद घालायला सांगा. स्टेपल मारण्याआधी, रेक्झिन नुसतं ताणून धरलेलं असताना, वर बसून पाहण्याचा आग्रह धरा. चांगला कारागीर स्वतःच बसवतो, खडूने खूण करतो आणि पुन्हा तासतो. जो 'उद्या न्या' एवढंच म्हणतो, त्याच्याकडे दुसरं काहीतरी शिवायला द्या.

६. टेकू कुणाला हवा?

चालवणाऱ्यासाठी बॅकरेस्ट ही चीज गाडीच्या जातीवर ठरते. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे पायांवर भार घेऊन उठता येत नाही आणि धड आपोआप मागे कलतं. तिथे कमरेला टेकू मिळाला तर माकडहाडावरचा भार खरोखर कमी होतो. हिमालयनसारख्या गाडीवर फूटरेस्ट बुडाच्या जवळपास खाली असतात, धड ताठ किंवा किंचित पुढे असतं, आणि खराब रस्त्यावर उभं राहून चालवावं लागतं. तिथे चालवणाऱ्याचा बॅकरेस्ट अडथळाच आहे. टांग टाकतानाही तो आडवा येतो.

टेकू हवा कमरेच्या खळग्यात, पट्ट्याच्या जरा वर. खांद्याच्या फऱ्यांना लागणारा उंच टेकू धड पुढे ढकलतो आणि मनगटांवरचा भार वाढवतो. माप घेताना अंगात रायडिंग जॅकेट हवं. त्यातल्या पाठीच्या संरक्षक पट्टीची जाडी धरली नाही तर महिनाभराने सगळं परत करायला लागतं.

७. मागे बसणाऱ्याचा बॅकरेस्ट

मागच्या माणसाला हँडल नसतं. गाडी वेग घेते तेव्हा तो मागे जातो, ब्रेक लागला की पुढे. दिवसभर पोटाच्या स्नायूंनी तोल सांभाळत बसणं हे चालवण्यापेक्षा दमवणारं काम आहे. म्हणून जोडीने फिरणाऱ्यांनी पैसे आधी मागच्या बॅकरेस्टवर खर्च करावेत, मग स्वतःच्या सीटवर. सुपर मिटिऑरच्या सेलेस्टियल आणि मिटिऑरच्या सुपरनोव्हा या आवृत्त्यांबरोबर कंपनीच तो देते. बाकीच्यांना बाहेरून बसवावा लागतो, आणि खरी काळजी तिथे आहे.

बॅकरेस्ट ही तरफ आहे. मागच्या माणसाने २० किलोच्या जोराने रेटलं, गादी बसवणीच्या पट्टीच्या खालच्या बोल्टपासून ३० सेंटीमीटर वर आहे आणि पट्टीचे दोन बोल्ट एकमेकांपासून १० सेंटीमीटरवर आहेत, असं समजा. २० गुणिले ३० भागिले १०, म्हणजे वरच्या बोल्टवर ६० किलोची ओढ. खड्ड्यात ती आणखी वाढते. म्हणून गादीचं लेदर पाहण्याआधी ती कशाला बांधली आहे ते पाहा. चासीसमध्ये बोल्टने घट्ट केलेल्या ग्रॅबरेलला बांधली असेल तर उत्तम. पातळ पत्र्याच्या कॅरिअरवर टाके मारून जोडलेली असेल तर नको. गादी फार मागेही नको, कारण माणूस तिच्यामागोमाग मागे सरकतो, वजन मागच्या आसापलीकडे जातं आणि पुढचं चाक हलकं होतं. घाटातल्या वळणावर ते स्टिअरिंगला जाणवतं.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न आहे, जो परदेशी कॅटलॉगात सापडणार नाही. साडी नेसून एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या बाईला या बॅकरेस्टचा काही उपयोग नाही. तिची पाठ गाडीच्या उजवीकडे उघडीच राहते आणि टेकू तिच्या डाव्या कुशीत रुततो. तिचा डावा हात ज्या ग्रॅबरेलवर असतो तीच काढून अनेक ठिकाणी बॅकरेस्ट बसवतात. आई किंवा सासूबाई अधूनमधून मागे बसणार असतील तर पान्याशिवाय निघणारा बॅकरेस्ट घ्या आणि ग्रॅबरेल जागेवर राहू द्या.

कायद्याचंही हेच म्हणणं आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या माणसासाठी कायमची मूठ, फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारी जाळी मागतो. सॅडलबॅगांच्या कड्या लावताना साडीगार्ड काढून फेकणाऱ्यांनी तो वाचावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२८ वं कलम मागचा माणूस घट्ट बसवलेल्या योग्य सीटवरच हवा असं सांगतं, आणि ५२ वं कलम कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे फेरफार करायला मनाई करतं. फोम बदलायला कुणी अडवत नाही. सीट खाली यावी म्हणून मागची चासीस कापून पुन्हा वेल्डिंग करणं ही वेगळी गोष्ट, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तेच शोधते.

बसवताना नायलॉक नट वापरा. आणि निघाल्यावर पहिल्या चहाच्या थांब्याला पाना काढून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या पट्ट्यांवरचा रंगाचा थर पहिल्या काही किलोमीटरांत दबतो आणि घट्ट वाटणारा बोल्ट आणखी थोडा सहज फिरतो.